खांबांचं कौतुक पुरे!

मंडळी, एक छोटा प्रयोग करून बघा. सोमवारी कँटीनमध्ये चहा घेताना शेजारच्या क्युबिकलवाल्याला विचारा, की बाबा रे, ग्रीक-रोमन वास्तुकला म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं? तो हवेत दोन-चार उभ्या रेषा मारेल आणि वर एक त्रिकोण काढेल. जरा क्विझबिझ करणारा असेल तर "डोरिक, आयोनिक, कोरिंथियन" असं पाढे म्हटल्यासारखं म्हणूनही दाखवेल. साधं डोकं ते डोरिक, मेंढ्याच्या शिंगांसारखी वेटोळी ते आयोनिक, पानांचा गुच्छ ते कोरिंथियन. झालं! जवळपास हजार वर्षांचं बांधकाम तीन ओळींत संपलं.

माझं म्हणणं सरळ आहे. खांबांवरून या वास्तुकलेची ओळख करून देणं म्हणजे एखाद्या बँकेच्या सॉफ्टवेअरची ओळख त्यातल्या बटनांच्या रंगावरून करून देणं. ग्रीकांच्या बाबतीत हे निदान अर्धं तरी खरं आहे. रोमनांच्या बाबतीत जवळजवळ साफ खोटं आहे. आणि हा काही नुसता पुस्तकी वाद नाही. याच गैरसमजावर आजही सरकारी आदेश निघतात, इमारती उठतात आणि तुमच्या-माझ्या फ्लॅटच्या किमतीत त्याचे पैसे वसूल होतात.

आधी ग्रीकांना त्यांचं श्रेय देऊन टाकू. ग्रीक देवळात खांब खरंच काम करतो. खाली खांब, वर आडवी दगडी तुळई, त्यावर छप्पर. पहिल्या वर्षाला अप्लाईड मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं (आयटीत आलो म्हणून ते सुटलं नव्हतं), त्यामुळे पुढचं सांगायला नकोच. दगडाला दाब चालतो, ताण चालत नाही. आडव्या तुळईच्या खालच्या बाजूला ताण येतो. दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं की तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो. म्हणून खांब जवळजवळ. ते जवळजवळ खांब किती भारदस्त दिसतात म्हणून आपण माना डोलावतो, पण मुळात दगड मधोमध मोडू नये म्हणून ते तसे आहेत.

याची किंमत बघायची असेल तर एल्युसिसला जा. तिथल्या गुप्त विधींसाठी हजारो लोक एका छपराखाली बसायला हवे होते. सुमारे पन्नास मीटर चौरस दालन बांधलं आणि आत काय, तर खांबांचं जंगल. मागच्या माणसाला समोर खांबच दिसत असणार! अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवरच्या प्रवेशद्वारात म्नेसिक्लीज या वास्तुकाराने जरा मोकळी जागा हवी म्हणून संगमरवरी तुळयांमध्ये चक्क लोखंडी पट्ट्या घातल्या. म्हणजे त्या काळच्या सगळ्यात हुशार माणसालासुद्धा हा दगड आपल्याला पुरेसा नाही हे कळत होतं.

बरं, ग्रीक देवळातल्या बऱ्याचशा खुणा दगडाच्या नाहीतच मुळी. त्या सुतारकामाच्या आहेत. डोरिक देवळाच्या तुळईवर ठराविक अंतराने तीन उभ्या पट्ट्यांच्या चौकोनी ठोकळ्या दिसतात, त्यांना ट्रायग्लिफ म्हणतात. रोमन लेखक विट्रुव्हियस सांगतो की ही लाकडी वाशांची टोकं होती आणि ती झाकायला ठोकलेल्या फळ्या. त्याखाली जे दगडी थेंब लटकतात ते लाकडी खुंट्यांसारखे दिसतात. लाकूड गेलं, दगड आला, पण खुंट्या तशाच राहिल्या. ऑलिंपियाच्या हेराच्या देवळात तर हे बदलताना रंगेहाथ सापडतं. हे देऊळ इसवी सनापूर्वी 600 च्या आसपासचं. खांब वेगवेगळ्या जाडीचे, डोकी वेगवेगळ्या शतकांतली, कारण मूळचे लाकडी खांब कुजतील तसे एकेक करून दगडी घातले असावेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसॅनियस हा प्रवासी तिथे गेला तेव्हासुद्धा मागच्या दालनात एक ओकचा खांब शिल्लक होता. सिस्टिम चालू ठेवून एकेक मॉड्यूल बदलत जाणं हे आमच्या क्षेत्रात नवीन आहे असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी. :)

(जाता जाता: लाकडाची दगडात नक्कल हे कार्ल्याच्या चैत्यगृहातही दिसतं आणि तिथल्या काही खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. हे यवन नक्की कोण यावर वाद आहेत, त्यामुळे "बघा, ग्रीकांकडून घेतलं" असं कुणी लगेच फॉरवर्ड करू नका.)

पण ही लाकडी आठवण डोरिक पद्धतीच्या गळ्याशी आली. नियम असा की ट्रायग्लिफ खांबाच्या बरोबर मध्यावर यायला हवा आणि कोपऱ्यावर मात्र तो अगदी कडेला यायला हवा. तुळई जाड असल्यामुळे या दोन गोष्टी एकाच वेळी जमत नाहीत. म्हणजे स्पेसिफिकेशनमधेच बग. मग काय करायचं? कोपऱ्यातले खांब थोडे आत सरकवा, शेवटचे चौकोन थोडे ताणा, म्हणजे थोडक्यात पॅचेस मारा. पार्थेनॉनमध्ये हेच केलंय. विट्रुव्हियसच लिहितो की पिथिऑस, हर्मोजेनीस असे जुने वास्तुकार या भानगडीमुळे डोरिक पद्धत देवळाला लावूच नये म्हणत. दोन हजार वर्षांपूर्वी खुद्द त्या धंद्यातल्या माणसांनी जिला वैतागून हात जोडले, ती आपण परिपूर्णतेचा नमुना म्हणून पाठ करतो.

कुणी म्हणेल, पार्थेनॉनबद्दल असं बोलायचं? तर पार्थेनॉनपुढे मी टोपी काढतोच. इसवी सनापूर्वी 447 ते 432 एवढ्या पंधरा वर्षांत, समोर 8 आणि बाजूला 17 खांब, सगळा संगमरवर सुमारे 16 किलोमीटरवरच्या पेंटेलिकॉन डोंगरातून आणलेला. जोतं सपाट नाही, मध्ये किंचित फुगलेलं, लांब बाजूला सुमारे 11 सेंटिमीटर. खांब किंचित आत कललेले आणि मध्ये किंचित फुगीर. म्हणजे एक दगड दुसऱ्यासारखा नाही, प्रत्येक सुटा मापून घडवलेला. हे बघून घाम फुटायला पाहिजे. पण हेही लक्षात घ्या, की ही इमारत बाहेरून बघायची होती. यज्ञ-बळी बाहेरच्या वेदीवर, लोक बाहेर, आत सुमारे 12 मीटर उंचीची सोन्या-हस्तिदंताची अथीना आणि खजिना. आतल्या दालनात छपराला आधार म्हणून पुन्हा खांबांच्या दुमजली रांगा. जगातलं सगळ्यात सुंदर कपाट म्हणा हवं तर! आणि आपल्याला इमारत म्हणजे काय हे शिकवायला आपण हे कपाट निवडतो.

आता रोमला येऊ, कारण खरी गंमत इथे आहे.

रोमनांनी कमान शोधली नाही, ती आधीपासून होती. त्यांनी कमानीवर विश्वास टाकला. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांवर रेलले की सगळा भार दाबाचा होतो आणि दगडाची दुखरी नसच गायब होते. त्याच्या जोडीला आलं कॉंक्रीट: चुना, नेपल्सजवळच्या पोझुओलीच्या भागातली ज्वालामुखीची राख आणि दगड-विटांचे तुकडे. पाण्याखालीही घट्ट होणारं. सेंटरिंग लावायचं, ओतायचं, ठोकायचं. त्याला कुशल मूर्तिकार लागत नव्हता, मजूर आणि चांगला मुकादम लागत होता. आणि मग छप्पर एकदम मोठं झालं. मधले खांब गेले. माणसं आत आली.

कलोसियमकडे या नजरेने बघा. इसवी सन 80 मध्ये उद्घाटन, 188 बाय 156 मीटरचा लंबगोल. शाळेतलं पुस्तक काय सांगतं? खालच्या मजल्यावर डोरिकच्या जातीचे, दुसऱ्यावर आयोनिक, तिसऱ्यावर कोरिंथियन खांब. बरोबर, आहेत. पण ते अर्धे खांब आहेत, भिंतीला चिकटलेले. भार घेतात त्यांच्यामागचे जाड दगडी पाये आणि कमानी. ते अर्धे खांब म्हणजे वॉलपेपर. नवलाची गोष्ट त्या कमानींच्या आत आहे. तळमजल्यावर 80 कमानी, त्यातल्या 76 सामान्य प्रेक्षकांच्या आणि त्यांच्यावर आकडे कोरलेले, त्यातले काही आजही वाचता येतात. आकडा बघायचा, त्या दारातून शिरायचं, ठराविक जिना, ठराविक रांग. किमान 50,000 माणसं आत घ्यायची आणि बाहेर सोडायची, तीही एकमेकांना न तुडवता. हा ट्रॅफिकचा प्रश्न आहे आणि तो बांधकामाने सोडवलाय. त्यावर पुस्तकात एक ओळ असते. खांबांवर एक पान.

पॅन्थिऑनची तर मला कीवच येते. रोममध्ये हेड्रियनच्या काळात, 126 च्या आसपास पुरी झालेली ही इमारत. फोटो नेहमी समोरून: 16 खांबांचा पडवीवजा दर्शनी भाग, त्यातले मोठे खांब इजिप्तमधून आणलेले अखंड ग्रॅनाईटचे, प्रत्येकी सुमारे 12 मीटर. फोटो बघणाऱ्याला वाटतं, अजून एक देऊळ. आणि त्या पडवीच्या मागे लपलंय ते 43.3 मीटर व्यासाचं, मध्ये एकही खांब नसलेलं दालन! जमिनीपासून वरच्या छिद्रापर्यंतची उंचीही तितकीच, म्हणजे आत एक अख्खा गोल बसेल. घुमट तळाशी सुमारे 6 मीटर जाड, वर छिद्राशी सव्वा मीटरच्या आसपास. कॉंक्रीटमधले तुकडेही वर जाताना हलके होत जातात. खाली जड दगड, मग टफ आणि वीट, अगदी वर तर तरंगणारा प्युमिस. सळई नावाला नाही. सळईशिवायचा एवढा मोठा कॉंक्रीट घुमट आजतागायत दुसरा झालेला नाही.

आणि त्या प्रसिद्ध पडवीचं काय? ती मागच्या इमारतीला नीट बसलेलीच नाही. पडवीच्या वर, मधल्या ठोकळ्यावर दुसऱ्या एका त्रिकोणाची रेघ दिसते, म्हणजे मूळ बेत उंच पडवीचा होता आणि कुठेतरी बेत बदलला असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. त्यातल्या काहींच्या मते तेवढे लांब खांब मिळालेच नाहीत. व्हेंडरने माल छोटा पाठवला, डेडलाईन आली, बसवा तसंच! ज्याने कुणी इंटिग्रेशन टेस्टिंग केलंय त्याचे डोळे इथे पाणावतील.

आता मला सांगा, या इमारतीतलं रोमन काय? खांब की घुमट?

याहून स्वच्छ उदाहरण दक्षिण फ्रान्समधल्या नीम गावाचं. तिथे दोन रोमन बांधकामं धडधाकट उभी आहेत. एक गावातलं मेझों कॅरे हे देऊळ. एकूण 30 कोरिंथियन खांब, त्यातले 20 भिंतीत अर्धे चिणलेले, म्हणजे दोन तृतीयांश खांब नुसते दाखवायला. दुसरं गावाबाहेरचं पों द्यु गार. गावाला पाणी आणणाऱ्या सुमारे 50 किलोमीटरच्या कालव्याचा हा पूल, कमानींचे तीन मजले, उंची जवळपास 49 मीटर. आणि या 50 किलोमीटरमध्ये एकूण उतार किती, तर 12-13 मीटर! किलोमीटरला सरासरी 25 सेंटिमीटर. पंप नाही, लेसर नाही, लाकडी पाणसळी आणि डोकं. पाणी गावात पोचलं.

दोघांपैकी जगभर नक्कल कुणाची झाली? ओळखलंत. 1780 च्या दशकात थॉमस जेफरसनने व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळासाठी मेझों कॅरेचा नमुना घेतला. प्रेयसीकडे बघावं तसं तासन्तास आपण त्या देवळाकडे बघत बसतो, अशा अर्थाचं त्याने पत्रात लिहून ठेवलंय. तिथून पुढे अमेरिकेत कोर्ट, बँक, कचेरी काहीही असो, खांब आणि त्रिकोण. हे अजून थांबलेलं नाही. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी इमारतींसाठी अभिजात म्हणजे ग्रीक-रोमन धाटणीला पसंती देणारा आदेश काढला, फेब्रुवारी 2021 मध्ये नव्या अध्यक्षांनी तो रद्द केला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा तसाच आदेश निघाला. आपल्याकडे इंग्रजांनी हेच केलं. 1833 मध्ये पुरा झालेला मुंबईचा टाऊन हॉल, ज्यात एशियाटिक सोसायटी आहे, तो बघा. उंच पायऱ्या, वर डोरिक खांब. इमारत देखणी आहे, मला ती आवडते. पण त्या खांबांचं काम काय होतं हे पायऱ्या चढून धाप लागलेल्या माणसाला बरोबर कळतं. सत्ता इथे आहे, तू खाली आहेस.

रोमन लोक स्वतः यावर काय म्हणत? सगळे नाही, पण एकाचं म्हणणं नोंदलेलं आहे. सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस. इसवी सन 97 मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य अधिकारी झाला. त्याने शहराच्या नऊ जलवाहिन्यांचा हिशेब लिहिला: कुठून येतात, किती पाणी, कोण चोरतं, नळ किती जाड. आणि मध्येच थांबून तो म्हणतो, की एवढ्या पाण्याची वाहतूक करणाऱ्या या बांधकामांपुढे ते निरुपयोगी पिरॅमिड आणि ग्रीकांची नावाजलेली पण बिनकामाची कामं काय होत! पाणीखात्याच्या माणसाचा हा माज मला प्रचंड आवडतो.

आता जरा घरचं. मी ज्या प्रोजेक्टमध्ये राहतो त्याचं नाव लिहीत नाही. ब्रोशरवर "रोमन एलिव्हेशन" असं छापलं होतं. गेटवर चार कोरिंथियन खांब, वर त्रिकोण, त्रिकोणात दोन घोडे. खांबावर टकटक केलं की पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येतो, आतून पोकळ. दर दोन वर्षांनी त्यांना पांढरा रंग, तो मेंटेनन्समध्ये. आणि मार्च लागला की त्याच रोमन गेटमधून दिवसाला सहा-सात टँकर आत येतात. एकदा तर टँकरला वळायला जागा नव्हती म्हणून एका खांबाचं बूड फुटलं, आतून थर्माकोल निघाला. मीटिंगमध्ये मी म्हटलं, की हे रोमन असेल तर आधी पाणी आणा, मग खांब लावा. लोक हसले. मी विनोद करत नव्हतो. रोमन शहराला रोमन म्हणायचं तर पाणी, गटार, सार्वजनिक स्नानगृह आणि लोकांना बसा-उठायला छप्पर असलेली बॅसिलिका या गोष्टी हव्यात. खांब ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, म्हणून तर बिल्डर तेवढीच देतो.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो, कारण इथपर्यंत वाचून ते खुशीत आले असतील. "बघा, दोन हजार वर्षं उभं आहे! आणि आजचे पूल दहा वर्षांत पडतात! ते रोमन कॉंक्रीटचं रहस्य हरवलं हो!" हा मेसेज तुम्हालाही महिन्यातून एकदा येत असेलच. हे खांबपूजेचंच दुसरं रूप आहे, फक्त मूर्ती बदलली.

आपल्याला उभं दिसतं ते जे पडलं नाही तेवढंच. पडलेलं कसं दिसणार? रोममधली बहुतेक माणसं पॅन्थिऑनमध्ये राहत नव्हती, ती इन्सुला नावाच्या भाड्याच्या चाळींत राहायची. चार-पाच मजले, खाली दुकानं, वरचे मजले लाकूड आणि कुडाचे, जितकं वर तितकं भाडं कमी आणि धोका जास्त. सिसेरो हा एवढा मोठा वक्ता, तोही चाळमालक होता. इसवी सनापूर्वी 44 मध्ये तो मित्राला कळवतो, की माझी दोन दुकानं कोसळली, बाकीच्यांना तडे गेलेत, भाडेकरू तर सोडून गेलेच पण उंदीरसुद्धा गेले. आणि हे तो गमतीत लिहितो! क्रॅसस नावाचा धनाढ्य तर आगी लागलेली घरं आणि शेजारची घरं पडेल भावात विकत घ्यायचा, असं प्लुटार्क सांगतो. पाचशेहून अधिक बांधकाम जाणणारे गुलाम त्याच्याकडे होते. रिडेव्हलपमेंटचा धंदा जुना आहे. शेवटी ऑगस्टसला चाळींची उंची 70 फुटांवर रोखावी लागली, ट्राजनने ती 60 वर आणली. लोक ऐकत असते तर दुसऱ्यांदा नियम करावा लागला नसता.

आणि फिडेनी? हे नाव किती जणांनी ऐकलंय? कलोसियमच्या आधी अर्धं शतक, इसवी सन 27. रोमच्या उत्तरेला थोड्या अंतरावर अटिलियस नावाच्या एका मुक्त झालेल्या गुलामाने ग्लॅडिएटरच्या खेळांसाठी लाकडी अँफिथिएटर उभारलं. पाया पक्क्या जमिनीपर्यंत नेला नाही, लाकडी सांगाडा नीट जखडला नाही, पैसे कमवायची घाई. सम्राट टायबेरियस खेळ फारसे भरवत नसे, त्यामुळे रोमहून झुंबड उडाली. भर गर्दीत सगळं कोसळलं. टॅसिटस म्हणतो 50,000 माणसं मेली किंवा जायबंदी झाली. सुएटोनियस मेलेल्यांचाच आकडा 20,000 च्या वर देतो. आकडे फुगवलेले असू शकतील, पण नंतर सिनेटने काय केलं ते बघा: चार लाख सेस्टर्सपेक्षा कमी मालमत्ता असलेल्याने असे खेळ भरवायचे नाहीत, आणि जमिनीची पक्की परीक्षा केल्याशिवाय अँफिथिएटर बांधायचं नाही. अटिलियसला हद्दपार केलं. कलोसियम उभं आहे ते अंगभूत रोमन तेजामुळे नाही. त्याच्या आधी फिडेनी पडलं होतं आणि पायाची किंमत काय असते ते सगळ्यांना कळलेलं होतं.

कॉंक्रीटचंही तेच. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं मांडलं गेलं, की रोमन लोक चुनकळी गरम गरमच मिसळत असावेत, त्यामुळे चुन्याचे छोटे गोळे आत राहत आणि तडा गेला की पाणी लागून तिथलाच चुना विरघळून तडा भरून काढत असे. सुंदर गोष्ट आहे. पण आपले पूल पडतात ते आपल्याला कृती सापडत नाही म्हणून नव्हे. आपण कॉंक्रीटमध्ये लोखंड घालतो, कारण आपल्याला बारीक, लांब, पटकन उभं राहणारं बांधकाम हवं असतं. लोखंड गंजतं, फुगतं, कॉंक्रीट फोडतं. रोमनांनी लोखंड घातलं नाही म्हणून ते टिकलं आणि म्हणूनच त्यांना सहा मीटर जाडीची भिंत लागली. तेवढी जाडी परवडेल का तुमच्या टू-बीएचकेला? कार्पेट एरिया उरेल का?

आणखी एक राहिलंच, रंग. गेटवरचे खांब पांढरे का, तर ग्रीक पांढरे म्हणून. ग्रीक पांढरे नव्हते! ट्रायग्लिफ निळे, मधल्या भागात लाल, मूर्तींवर डोळे-केस रंगवलेले. ऊनपावसात रंग उडाला, अठराव्या शतकात विंकेलमानसारख्या पंडितांनी पांढऱ्यालाच सौंदर्य ठरवलं, आणि ब्रिटिश म्युझियममध्ये 1937-38 साली पार्थेनॉनची शिल्पं "स्वच्छ" करताना तांब्याच्या हत्यारांनी खरवडलीसुद्धा. मूळ मंदिर आपल्या आजच्या पांढरपेशा नजरेला भडक, कदाचित जत्रेतल्यासारखं वाटलं असतं. असो.

सौंदर्यवाद्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. "तुम्हा इंजिनियर लोकांना उपयोगापलीकडे काही दिसत नाही. प्रमाणबद्धता नावाची गोष्ट असते." असते की. पण मग प्रमाणबद्धतेचा जो आद्यग्रंथ मानतात तोच उघडा. विट्रुव्हियसची दहा पुस्तकं. खांबांच्या जाती मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्यात. बाकीची? वास्तुकाराचं शिक्षण आणि गावाची जागा, विटा-चुना-लाकूड, थिएटर आणि बॅसिलिका, घरं, गिलावा, पाणी, घड्याळं, यंत्रं. शिशाच्या नळापेक्षा मातीचा नळ तब्येतीला बरा हेही त्यात आहे. चांगल्या इमारतीच्या तीन अटी तो सांगतो त्यात मजबुती पहिली, उपयोग दुसरा, देखणेपण तिसरं. तिसरं आहेच, पण तिसरं आहे! यातून नेमका खांब उचलून त्याच्या ठराविक पाच जातींचा तक्ता करणं हे प्रबोधनकाळातल्या इटलीचं काम, सेर्लिओचं 1537 चं आणि व्हिन्योलाचं 1562 चं पुस्तक. छापखाना आला होता, तक्ता छापायला सोपा. घुमट कसा ओतायचा हे तक्त्यात बसत नाही.

शेवटी रोमच्या फोरममधली मॅक्सेंशियसची बॅसिलिका. 312 नंतर कॉन्स्टंटाईनने पुरी केलेली. न्यायनिवाडा आणि कामकाजाचं प्रचंड दालन, मधलं छत सुमारे 35 मीटर उंच. त्या छताखाली दोन्ही बाजूंना मिळून आठ अवाढव्य कोरिंथियन खांब उभे होते. बघणाऱ्याला वाटावं की छत यांनीच पेललंय, पण भार खरा जात होता मागच्या कॉंक्रीटच्या भिंतींमध्ये. पुढे भूकंपांत मधलं छत गेलं, खांबही गेले. उत्तरेच्या बाजूचे तीन कमानदार हौदे अजून उभे आहेत, त्यांच्याखाली एकही खांब नाही. आठातला एक खांब तेवढा वाचला. तो 1614 मध्ये पोप पाचव्या पॉलने उचलून सांता मारिया माज्जोरे चर्चसमोरच्या चौकात नेऊन उभा केला, वर मेरीचा पुतळा बसवला. पर्यटक त्याचा फोटो काढतात.